लाव्यांचा गंबो: रू किती भाजायचा, छाती कधी घालायची

गंबो म्हणजे अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातला, भाताबरोबर खायचा रस्सा. त्यात कोंबडी, बदक, कोळंबी सगळं चालतं. लावा किंवा होला यांसारखा छोटा पक्षी घातला की मात्र गणित बदलतं. गंबोला किमान सव्वा तास मंद उकळी लागते आणि लाव्याची छाती सात-आठ मिनिटांत शिजते. अख्खा पक्षी पहिल्यापासून भांड्यात टाकला तर छातीचा भुसा होतो, बरगड्या सुटतात आणि सुईएवढी हाडं रश्श्यात फिरायला लागतात. भाताबरोबर कालवलेल्या घासात असं हाड दिसत नाही, थेट घशात टोचतं. म्हणून पक्षी आधीच वेगळा करायचा: हाडं आणि तंगड्या रश्श्यासाठी, छाती शेवटच्या दहा मिनिटांसाठी.

आठ जणांना आठ लावे पुरतात. साफ केलेला फार्मचा लावा साधारण 120 ते 150 ग्रॅम भरतो. कात्रीने पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजू कापून कणा काढा, तंगड्या सांध्यातून सोडवा, छातीच्या मधल्या हाडाला सुरी घासत दोन्ही बाजूंचं मांस कातडीसकट उतरवा. छातीच्या सोळा तुकड्यांना मीठ-मिरपूड लावून फ्रिजमध्ये उघडेच ठेवा, कातडी सुकली की पुढे छान लाल होते.

कणे, छातीचे सांगाडे, तंगड्या आणि अर्धा किलो कोंबडीचे पंख ओव्हनमध्ये 220 अंश सेल्सिअसवर अर्धा तास खरपूस भाजा. पंख हवेतच. नुसत्या लाव्यांच्या हाडांत एवढा चिकटपणा नसतो, स्टॉक पाण्यासारखा लागतो. साडेतीन लिटर पाण्यात हे सगळं मंद ठेवा. पाऊण तासाने तंगड्या काढून त्यांचं मांस बोटांनी सोडवा, हाडं परत भांड्यात टाका. आणखी तासाभराने बारीक चाळणीतून गाळा. अडीच लिटर स्टॉक हाती यायला हवा.

आता रू, म्हणजे तेलात भाजलेला मैदा. गंबोचा जीव यातच आहे. जाड बुडाचं, शक्यतो बिडाचं भांडं घ्या. एक कप (240 मिली) साधं तेल तापवा, त्यात एक कप (125 ग्रॅम) मैदा घाला आणि सपाट टोकाच्या लाकडी उलथन्याने बूड आणि कडा सतत खरवडत राहा. मध्यम आचेवर तीस ते चाळीस मिनिटं लागतात. आधी कच्च्या पिठाचा वास जातो, मग बेसनाच्या लाडवाचं बेसन उतरताना येतो तसला वास, मग भाजल्या शेंगदाण्याचा. शेंगदाण्याच्या पुढे रंग झपाट्याने चढतो, तेव्हा आच कमी करा आणि हात थांबवू नका. काळे ठिपके दिसले की तो रू टाकून द्या. करपलेला कडवटपणा मसाल्याने झाकत नाही, उकळल्यावर उलट वाढतो.

लाव्याचं मांस फिकट आणि नाजूक, त्यासाठी विटकरी रंगावर थांबा. होल्याचं मांस गडद आणि काळजासारख्या चवीचं, त्याला चॉकलेटी रू पेलतो. पीठ जितकं जास्त भाजाल तितकी त्यातल्या स्टार्चची रस्सा दाट करायची ताकद कमी होते. त्यामुळे चॉकलेटी रूचा गंबो पातळच राहतो. तो चुकला असं समजून वर आणखी पीठ लावू नका.

दोन मोठे कांदे, एक ढोबळी मिरची आणि सेलरीचे तीन दांडे आधीच बारीक चिरलेले हवेत. रंग आला की ते लगेच रूमध्ये टाका, भाज्यांच्या पाण्याने भाजणं थांबतं. इथे वाफ जोरात उसळते, तोंड लांब ठेवा. कांदा मऊ झाला की सहा पाकळ्या लसूण, मग कोमट स्टॉक डावाडावाने. एकदम ओतला तर रू गुठळतो किंवा फुटून तेल वर येतं. त्यात थाइम, चिमूटभर लाल तिखट आणि तमालपत्र घाला. आपल्या मसाल्याच्या डब्यातलं तमालपत्र मात्र नको: ते दालचिनीच्या जातीचं आहे आणि वासही दालचिनीकडे झुकतो. गंबोला लॉरेलचं पान लागतं.

आन्दुई हे धुरावलेलं डुकराचं सॉसेज, 300 ग्रॅम. चकत्या वेगळ्या परतून घाला. ते न मिळाल्यास दुसरं कुठलंही धुरावलेलं डुकराचं सॉसेज चालेल, पण गोव्याची चोरीस नको. तिच्यातल्या व्हिनेगरने सगळा रस्सा आंबट होतो.

सव्वा तास मंद उकळू द्या. वर येणारा तेलाचा तवंग डावाने काढत राहा. मीठ शेवटी चाखून घाला, सॉसेज आधीच खारट असतं. मग तंगड्यांचं मांस घाला. छातीचे तुकडे कडकडीत तव्यावर कातडीच्या बाजूने दोन मिनिटं लाल करून रश्श्यात सोडा, पाच-सहा मिनिटांत गॅस बंद.

शिकारीचा होला असेल तर आधी छऱ्यांसाठी प्रत्येक छाती बोटांनी चाचपा. छऱ्याबरोबर पिसं आत ओढली जातात, तीही काढा. मिठाच्या पाण्यात तीन-चार तास ठेवला की साकळलेलं रक्त निघतं. होल्याची छाती एकतर दीड-दोन तास शिजवून तंतू सुटू द्यायचे, नाहीतर लाव्यासारखी शेवटी घालायची. मधल्या वेळात ती रबरासारखी लागते. लुइझियानात होल्याची शिकार परवाना काढून, हंगामातच होते. भारतात रानातले लावे, तितर, होले मारणं 1972च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, इथे फार्मचा जपानी लावाच घ्यायचा.

गंबो हे नावच भेंडीच्या आफ्रिकी नावावरून आलं असं मानतात. तरी या गंबोत भेंडी नको, तिची चव लाव्यावर चढते. दाटपणाला फिले वापरा, म्हणजे ससाफ्रसच्या वाळवलेल्या पानांची पूड; चॉक्टॉ या अमेरिकेतल्या मूळ रहिवासी लोकांकडून आलेली. ती ताटलीत वाढल्यावर, माणशी पाव चमचा. उकळत्या भांड्यात पडली की रश्श्याला धागे सुटतात आणि ते परत विरघळत नाहीत.

भात मोकळा आणि बिनवासाचा हवा; बासमती किंवा आंबेमोहोर रूच्या वासाशी भांडतो. दुसऱ्या दिवशी गंबो जास्त मुरतो, पण गरम करताना छातीचे तुकडे बाजूला काढून ठेवा आणि रस्सा उकळून गॅस बंद केल्यावरच परत सोडा.