एकशे अठरा

नववी-दहावीच्या गुणपत्रिकेत ‘आरोग्य व शारीरिक शिक्षण’ या विषयापुढे गुण नसतात, श्रेणी असते. बोर्ड पेपर काढत नाही. परीक्षा शाळेनंच घ्यायची आणि श्रेणीही शाळेनंच कळवायची. त्यामुळे स्टाफरूममध्ये या विषयाची पत काय असते ते वेगळं सांगायला नको. गणिताचा भाग मागे राहिला की पहिला डोळा आमच्या तासावर. ‘मॅडम, आजचा तास द्या ना, पोरं नुसती खेळतातच की,’ हे ऐकून ऐकून आता मला रागही येत नाही.

आमची शाळा सातारा तालुक्यात, कृष्णाकाठी. आजूबाजूला ऊस, लांबवर अजिंक्यतारा, आणि निम्मी मुलं एस.टी.नं येणारी. पाठांतरात आमची पोरं कुणाला हार जायची नाहीत. खाशाबा जाधव म्हटलं की ‘१९५२, हेलसिंकी, कांस्य’ असं एका दमात येतं. ते कराडजवळच्या गोळेश्वरचे, म्हणजे घरचेच. ललिता बाबर माणची, रिओत ३००० मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी. अदिती स्वामी साताऱ्याची, २०२३ची तिरंदाजीतली जगज्जेती. हे सगळं तोंडपाठ. लेखी पेपरात नववीचा वर्ग नेहमीसारखाच चमकला होता.

पण मला लेखीवर श्रेणी द्यायची नव्हती. म्हणून त्या शनिवारी मैदानावर प्रात्यक्षिक ठेवलं. चुन्यानं चौकोन आखले, प्रत्येक चौकोनात एक प्रसंग. जोडीनं यायचं, प्रसंग ऐकायचा आणि तोंडानं न सांगता करून दाखवायचं.

पहिला प्रसंग फिट आल्याचा. एक मुलगा खाली पडून हातपाय झाडायचा अभिनय करत होता, जरा जास्तच मन लावून. समोरच्या पोरानं पायातली चप्पल काढली आणि सरळ त्याच्या नाकाला लावली. याच पोरानं पेपरात ‘कुशीवर वळवावे, आजूबाजूच्या टोकदार वस्तू दूर कराव्यात, तोंडात काही घालू नये’ असं शुद्धलेखनासकट लिहिलं होतं. विचारलं तर म्हणतो, “ते पेपरात मॅडम. आमची आजी असंच करती.” पुढच्या जोडीनं कांदा मागितला. घोळणा फुटलेल्याची मान सगळ्यांनी मागे टाकली, पुढे झुकवून नाक चिमटीत धरायला हवं ते कुणी केलं नाही. भाजलेल्या हाताला टूथपेस्ट. साप चावलेल्या पायाला मात्र जोरदार उत्साहात रुमाल आवळला गेला, इतका की खोटा रुग्ण खरंच ओरडला. उसाच्या पट्ट्यात राहणारी ही मुलं. घोणस, मण्यार ओळखतात, पण पाय न हलवता थेट दवाखाना गाठायचा, बांधायचं-कापायचं काही नाही, हे हाताला माहीत नाही. मी वहीत नोंदी करत होते. वाईट वाटत नव्हतं. निदान काय शिकवायचंय ते कळत होतं.

मग नाडी. पुढे सहाशे मीटरची धाव होती, त्याआधी विश्रांतीची नाडी मोजून कागदावर लिहायची आणि सर्वसाधारण प्रमाण काय तेही लिहायचं. मनगटावर पहिली दोन बोटं, अंगठा नाही, कारण अंगठ्याला स्वतःचाच ठोका असतो. तीस सेकंद मोजून दुप्पट. एकानं ३८ लिहिले, दुप्पट करायला विसरला. पोरांनी त्याला ‘बेशुद्ध’ ठरवून टाकलं.

मग एक मुलगी कागद घेऊन आली. वर्गातलं सगळ्यात सुंदर अक्षर तिचं. वर लिहिलेलं, ‘सर्वसाधारण : मिनिटाला ६० ते १००’. त्याच्याच खाली, ‘माझी : ११८’. दोन्ही ओळींखाली पट्टीनं रेघ.

“पळून आलीस का गं?”

“न्हाई मॅडम, बसलेच हुते.”

मी तिला पायरीवर बसवलं, दोन मिनिटं जाऊ दिली आणि स्वतः मोजली. एकोणसाठ. दुप्पट केली, एकशे अठरा. तिनं अगदी बरोबर मोजलं होतं. मनगट हातात होतं म्हणून नखांकडे लक्ष गेलं, ती नुसती पांढुरकी. ऊन होतं, तिची मान वर करून खालची पापणी जरा ओढली. जिथं लाल दिसायला हवं तिथं कागदासारखा रंग.

रक्तक्षयावरचा लेखी प्रश्न मी मुद्दाम ठेवला होता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं होतं, म्हणून. तिचं उत्तर वर्गात सर्वांत चांगलं होतं. पालेभाज्या, नाचणी, खजूर. बरोबर लिंबू किंवा आवळा. जेवणाला लागून चहा नको. लोहाची निळी गोळी आठवड्यातून एकदा, जेवणानंतर. एक शब्द इकडचा तिकडे नव्हता.

“निळी गोळी घेतेस ना?”

ती गप्प. मग दप्तरातून कंपास काढला. खालच्या कप्प्यात टोकयंत्राशेजारी गोळ्या होत्या, मूठभर. काहींचा रंग उडाला होता.

“मळमळतं मॅडम. उलटी व्हती. वर्गात व्हईल म्हणून ठेवती.”

हळूहळू सगळं बाहेर आलं. पहाटेची एस.टी. गाठायची म्हणून ती घरातून फक्त चहा घेऊन निघते. आमच्याकडे गोळ्या वाटल्या जातात सोमवारी, तिसऱ्या तासाला. शालेय पोषण आहार आठवीपर्यंतच. त्यामुळे आठवीत असताना खिचडी पोटात जायची आणि मग गोळी. नववीत गेल्यावर खिचडी बंद, गोळी चालूच. उपाशीपोटी, वर चहा. मळमळणार नाही तर काय होईल? ‘जेवणानंतर’ हे तिला पक्कं माहीत होतं. तिसऱ्या तासापर्यंत जेवण झालेलं नसायचं, एवढंच.

पाळीचं विचारलं तेव्हा तिनं आधी आजूबाजूला मुलं आहेत का ते पाहिलं. नऊ-दहा दिवस जाते म्हणाली. आईला सांगितलं होतं. आई म्हणाली, सुरुवातीला असंच असतं.

धाव तिच्यापुरती रद्द. फोन लावला तर आई म्हणाली, “दगदगीनं व्हतंय मॅडम, जिने चढताना पण दम लागतो तिला.” जिन्याचं मला त्या क्षणी पहिल्यांदा कळत होतं. वडील मोटारसायकलवरून आले आणि आम्ही तसेच प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो. हिमोग्लोबिन ७.२ निघालं. या वयात १२ तरी हवं, आणि ८च्या खाली म्हणजे तीव्र रक्तक्षय. डॉक्टरांनी मला एकच विचारलं, “आज धावायला लावलं नव्हतं ना?” आणि साताऱ्याला सिव्हिलची चिठ्ठी दिली. तिथं सलाईनमधून लोह दिलं, पाळीसाठी औषध चालू झालं. वडील बाहेर बाकावर बसून पुन्हा पुन्हा म्हणत होते, “पोरगी कधी काय बोलली न्हाई हो.” आता ती दहावीत आहे, रक्त अकराच्या वर गेलंय, आणि रिलेत तिसरी धावते.

सोमवारी मी मुख्याध्यापकांकडे गेले. गोळ्या तिसऱ्या तासाला का, तर वर्गशिक्षकांना तेव्हा मोकळीक असते म्हणून. मी म्हटलं, मोठ्या सुट्टीत डबे खाऊन झाल्यावर वाटू, पाहिजे तर मी वाटते. त्यांनी मान्य केलं. कुरकुर झाली थोडी. सुट्टीत कोण थांबणार, वगैरे. डबा न आणणाऱ्या मुलींसाठी स्टाफनं वर्गणी काढून शेंगदाणा-गुळाचे लाडू ठेवलेत. कुरकुर करणाऱ्यांनीही वर्गणी दिली, हे सांगायलाच हवं.

श्रेणीच्या रकान्यात तिच्यापुढे ‘अ’ लिहिला. एका सहकाऱ्यानं विचारलं, गोळ्या कंपासात ठेवणारीला अ? मी म्हटलं, नाडी तिच्याइतकी अचूक वर्गात कुणी मोजली नव्हती. चप्पलवाल्याला ‘क’ दिला आणि वर्ष संपेपर्यंत त्याच्याकडून इतक्या वेळा कुशीवर वळवणं करून घेतलं की आता तो आजीलाच शिकवतो म्हणे.

यंदाच्या प्रात्यक्षिकाच्या कागदावर मी सगळ्यांत वर एक बिनगुणांचा प्रश्न घातलाय : आज सकाळी घरून काय खाऊन आलात? पहिल्या बसनं येणाऱ्यांचे कागद मी वेगळे काढते आणि ते आधी वाचते.