व्यंगचित्र, चहा आणि कलम २९९

आज जळगावात टपरीवर एका व्यंगचित्राचा कापलेला फोटो हातोहात फिरत होता. खालची ओळ गायब, कोपऱ्यातलं राजकारण्याचं नाव गायब, उरला फक्त देवाचा मुकुट. "भो, थेट केस ठोका!" असा सूर.

धार्मिक भावनांचा अपमान करण्याबद्दलचं पूर्वीच्या भारतीय दंड संहितेचं कलम २९५अ म्हणजे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम २९९. शिक्षा ३ वर्षांपर्यंत. पण नुसत्या भावना दुखावल्याने भागत नाही, जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने अपमान केल्याचं दाखवावं लागतं. रामजीलाल मोदी खटल्यात १९५७ साली सुप्रीम कोर्टाने कलम कायम ठेवलं, पण निष्काळजीपणे झालेला अपमान त्यात बसत नाही, हेही तिथेच सांगितलं. हे कुणी वाचत नाही!

गुन्हा लगेच नोंदवता येतो, खटला मात्र सरकारच्या मंजुरीशिवाय उभा राहत नाही. मधल्या काळात चित्र छापणाऱ्या संपादकाच्या पोलीस ठाण्यात चकरा सुरू, हीच खरी शिक्षा. त्यावर उपाय आहे: भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (तपास-खटल्याच्या पद्धतीचा कायदा) कलम १७३(३) नुसार पोलीस उपअधीक्षकाच्या परवानगीने आधी १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. मार्च २०२५ मध्ये खासदार इम्रान प्रतापगढी यांच्या कवितेच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने अभिव्यक्तीच्या अशा तक्रारींत हाच रस्ता धरायला सांगितलं.

व्यंगचित्रकारांनी कच्चं रेखाटन तारखेसह जपावं. हेतू त्यातूनच दिसतो. आणि ओळ चित्राच्या खाली नको, आतच लिहा. खालची ओळ मोबाइलवर एका बोटाने उडते.