आमची वाटचाल : वर्षभराचे चित्रपट एकत्र मांडताना

नारायण पेठेतील आमच्या निर्मितीसंस्थेची सुरुवातीची वर्षे एकेक चित्रपट पूर्ण करून त्यासाठी चित्रपटगृहांकडे तारीख मागण्यात गेली. प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्यात आली आणि पुढच्याच वर्षी अप्पा बळवंत चौकातले चित्रपटगृह तिच्या हाताशी आले. आमच्यासारख्या लहान निर्मात्याला मात्र प्रत्येक शुक्रवार दुसऱ्याच्या दारात उभे राहूनच मिळवावा लागतो. म्हणून सुटा चित्रपट घेऊन फिरण्याऐवजी पुढील वर्षाचे सगळे चित्रपट दिवाळीपूर्वी एका पुस्तिकेत मांडून चित्रपटगृहांच्या मालकांना बोलवायचे, असे आम्ही ठरवले.

पहिल्या पुस्तिकेत नटनट्यांची छायाचित्रे ठळक होती. तालुक्याच्या गावी एकपडदा चित्रपटगृह चालवणाऱ्या एका मालकांनी ती भराभर उलटली आणि विचारले, "साहेब, नट दिसले. मध्यंतर कितव्या मिनिटाला येते, ते सांगा." तिकिटाच्या रकमेत वाटेकरी असतात, कँटीनचा गल्ला मात्र त्यांचा स्वतःचा. शिवाय लांबी सव्वादोन तासांच्या आत असली तर दिवसात एखादा खेळ जास्त बसतो. तेव्हापासून लांबी, मध्यंतराची वेळ आणि सेन्सॉर प्रमाणपत्राची स्थिती आम्ही पहिल्याच पानावर छापतो.

तारखांचे गणित पुण्यात तर अधिकच अवघड आहे. गणेशोत्सवात मध्यवस्तीतले रस्ते संध्याकाळी वाहनांना बंद होतात आणि सगळे गाव देखावे पाहायला बाहेर पडते, त्यामुळे ते दहा दिवस सोडावे लागतात. लगेच येणाऱ्या पितृपक्षात नवा चित्रपट लावायला फारसे कोणी धजत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावी-दहावीच्या परीक्षा असल्याने कौटुंबिक चित्रपट मेपर्यंत थांबवावा लागतो. एवढे करून एखाद्या मोठ्या हिंदी चित्रपटाची तारीख सरकली की आमचे वेळापत्रक कोलमडते. त्यामुळे पुस्तिकेत महिना छापलेला असतो आणि शुक्रवार पेन्सिलीने लिहिलेला.

निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात २००९ मध्ये झालेल्या तडजोडीत निव्वळ उत्पन्नातला वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्याला ५० टक्के, पुढे अनुक्रमे ४२.५, ३७.५ आणि ३० टक्के असा उतरता ठरला. मराठी चित्रपट बहुधा तोंडी प्रसिद्धीवर दुसऱ्या आठवड्यात उचल खातो, म्हणजे नेमका आमचा वाटा घटल्यावर. आणि तोवर तो पडद्यावर टिकायला हवा, हे वेगळेच. वर्षभराची यादी समोर असल्याचा फायदा इथे होतो. पुढचा चित्रपटही आमच्याकडूनच घ्यायचा असलेला मालक सोमवारचा गल्ला पाहून लगेच खेळ कमी करत नाही, निदान एकदा फोन तरी करतो.

येत्या वर्षी आमचे चार चित्रपट आहेत. तिघांचे ट्रेलर तयार आहेत; डिसेंबरच्या चित्रपटाचे संकलन अजून चालू असल्याने त्याच्या पानावर मध्यंतराची जागा रिकामी ठेवली आहे.