अ‍ॅव्हरेज पडलंय हे सर्व्हिस सेंटरकडून लिहून घेताना आलेला माझा अनुभव

गाडी 2021 ची, पेट्रोल हॅचबॅक. जुळे सोलापूर ते अक्कलकोट रोड एमआयडीसी, रोजचा तोच रूट, त्यात 16 च्या आसपास अ‍ॅव्हरेज मिळायचं आणि माझं काही म्हणणं नव्हतं. ब्रोशरमध्ये 21 लिहिलंय म्हणून भांडणाऱ्यातला मी नाही. तो एआरएआयचा, म्हणजे गाड्यांची अधिकृत चाचणी घेणाऱ्या संस्थेचा आकडा असतो, गाडी रोलरवर ठेवून वीसेक मिनिटं ठरलेल्या वेगाने पळवतात, जास्तीत जास्त 90 पर्यंत, एसी बंद, त्यात आसरा चौकातली गर्दीही नसते आणि मध्येच आडवी येणारी रिक्षाही नसते. पण 16 देणारी गाडी हळूहळू 13 वर आली, तेही ऐन थंडीत, म्हणजे एसीवर ढकलायलाही जागा नाही. मग मात्र डोकं फिरलं.

आणि हे 13 डॅशबोर्डवर बघून सांगत नाहीये. ते मीटर तेव्हाही 15 च्या पुढेच दाखवत होतं. मी टाकी फुल ते टाकी फुल मोजतो. एकाच पंपावर, शक्यतो त्याच नोझलला, पहिला ऑटोकट पडला, म्हणजे टाकी भरून नोझल आपोआप बंद झालं, की थांबायचं, "अजून राउंड फिगर करतो साहेब" याला नाही म्हणायचं. बिलावरचे लिटर आणि ओडोमीटर वहीत लिहायचं, आणि चार-पाच वेळा भरून झालं की एकूण किलोमीटर भागिले एकूण लिटर. प्रत्येक वेळचं अ‍ॅव्हरेज काढून त्याची परत सरासरी काढणारे लोक आहेत, तसं करू नका, आकडा चुकतो.

पंपावर संशय होता तोही आधी काढून टाकला. प्रत्येक पंपावर वैधमापनवाल्यांचा, म्हणजे वजन-मापं तपासणाऱ्या सरकारी खात्याचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप ठेवावंच लागतं आणि गिऱ्हाईकाने मागितलं तर समोर मोजून दाखवावं लागतं, पाच लिटरला 25 मिलीपर्यंतच फरक चालतो. पोराने जरा तोंड वाकडं केलं पण मोजून दिलं, बरोबर निघालं. टायरची हवापण बघितली, सकाळी गाडी थंड असताना, कारण आपल्याकडे दुपारी गरम टायरवर हवा बघितली तर काटा जास्तच दाखवतो.

आता सर्व्हिस सेंटर. नाव लिहीत नाही. तिथल्या अ‍ॅडव्हायजरचं पहिलं वाक्य, "साहेब सिटीत एवढंच येतं." म्हटलं अहो याच सिटीत 16 येत होतं की. मग, "पेट्रोलच तसलं यायलंय साहेब, इथेनॉल." सोलापूर जिल्ह्यात, जिथं जाईल तिथं साखर कारखाना, तिथं बसून हा मला इथेनॉल शिकवायलाय! इथेनॉलने अ‍ॅव्हरेज कमी होतं हे खरं आहे, त्यात ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी असते. पण नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातच लिहिलंय की ई10 साठी (10 टक्के इथेनॉलवालं पेट्रोल) सेट केलेल्या जुन्या चारचाकीला ई20 वर (20 टक्केवालं) 6 ते 7 टक्के फटका बसतो. 16 चे 7 टक्के म्हणजे एक किलोमीटर. माझे तीन गेले होते. उरलेले दोन कुठं गेले ते सांग म्हटलं तर पठ्ठ्या कॉम्प्युटरकडे बघत बसला.

आणि जॉबकार्डवर, म्हणजे गाडीची तक्रार आणि काम लिहितात त्या कागदावर, काय लिहिलं, तर "जनरल चेकअप". मी म्हणतोय अ‍ॅव्हरेजची तक्रार लिहा, तो म्हणतोय सिस्टीममध्ये तसा ऑप्शन नाही. संध्याकाळी गाडी धुऊन परत, सगळं ओके म्हणे. पुढच्या खेपेला परत तेच, परत धुऊन. एवढी स्वच्छ गाडी माझी शोरूममधून आली तेव्हाही नव्हती. मग मी हटूनच बसलो तेव्हा म्हणाले टेस्ट घेतो, आणि त्यांचा माणूस पुणे रोडला गाडी घेऊन गेला, एसी बंद, टॉप गिअर, 50-60 चा स्पीड, ट्रिप मीटर झिरो करून. परत आला आणि डॅशबोर्ड दाखवून म्हणतो बघा 18 आलं. अहो हायवेला हीच गाडी 21 द्यायची! आणि मी तक्रार काय करतोय तर तुमचं मीटर खोटं दाखवतंय, आणि तुम्ही पुरावा म्हणून मला तेच मीटर दाखवताय.

टाकी फुल करून करा म्हटलं तर वीस किलोमीटरवर करतो म्हणे. वीस किलोमीटरला दीड लिटर जळणार, ऑटोकट अर्धा लिटर मागेपुढे पडला की हिशोबाची वाट, त्यातून तुम्हाला पाहिजे तो आकडा काढता येतो. निदान शंभर किलोमीटर तरी पाहिजेत.

शेवटी काय लागू पडलं ते सांगतो. तोंडी बोलणं बंद केलं. वहीतले सगळे आकडे, बिलांचे फोटो, जुन्या आणि नव्या जॉबकार्डचे फोटो असं सगळं कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल केलं आणि त्यात एकच मागितलं, टेस्ट माझ्या रूटवर, फुल टू फुल, मी शेजारी बसून. लगेच वर्क्स मॅनेजरचा फोन. इतके दिवस नसलेला ऑप्शन सिस्टीममध्ये आला आणि जॉबकार्डवर छापून मिळालं, "अ‍ॅव्हरेज 16 वरून 13". इतका आनंद मला गाडीची डिलिव्हरी घेतानाही झाला नव्हता.

टेस्टला 13.2 आलं. मग गाडी लिफ्टवर घेतली, तिथल्या एका जुन्या मेकॅनिक मामांनी चारही चाकं हाताने फिरवली आणि मागचं डावं फिरेचना. ब्रेक शू ड्रमला घासत होता. दोन मिनिटांचं काम! घरी बघायचं असेल तर गाडी चालवून आल्यावर चारही चाकांच्या रिमजवळ हात न्या, हात लावू नका, भाजेल, एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं असेल तर ब्रेक बघून घ्या.

घरचे म्हणत होते तीन किलोमीटरसाठी एवढं काय. 13 ने शंभर किलोमीटरला 7.7 लिटर लागतं आणि 16 ने 6.25, म्हणजे जवळपास दीड लिटर वाचतं. तेच 20 ची गाडी 23 वर गेली तर पाऊण लिटरही वाचत नाही, म्हणून कमी अ‍ॅव्हरेजच्या गाडीत एकेक किलोमीटर महाग असतो. दोन गाड्या लावून बघायच्या तर शंभर किलोमीटरला किती लिटर असंच बघा. आमचे दाजी त्यांची सीएनजी 24 देते म्हणून मला चिडवतात, पण ते किलोला आहे, आणि एक किलो सीएनजीत लिटरभर पेट्रोलच्या जवळपास दीडपट ऊर्जा असते. खर्चात सीएनजी स्वस्त पडते ते मान्य, पण मग किलोमीटरला किती रुपये ते बोला, नुसता 24 नको.

सध्या वहीत 15.8 आहे. बिलात मागच्या ब्रेकच्या सर्व्हिसिंगचे पैसे लावले होते ते गपगुमान दिले, टेस्टला जळलेलं पेट्रोलही माझ्याच नावावर टाकलं होतं ते मात्र मॅनेजरसमोर उभं राहून काढायला लावलं.