मोडीचं पुढे काय केलंत?

परवा एका वास्तुशांतीला पानावर बसले होते. जिलबी यायच्या आधी शेजारच्या बाईंनी विचारलं, "तुम्ही ती जुन्या कागदांची मोडी लिपी शिकला होतात ना? मग पुढे काय केलंत त्याचं?" मी नेहमीसारखं "काही नाही हो, हौस आपली" म्हणून मठ्ठ्याची वाटी जवळ ओढली. परतताना स्कूटरवर मात्र अख्खं उत्तर सुचलं, तेही चांगलं खणखणीत. असली उत्तरं वेळेवर कधी सुचली आहेत? तर तुम्ही विचारलंत म्हणून, एकदाच सांगते.

प्रश्न विचारणारे तीन तऱ्हेचे असतात. पहिल्यांना पुस्तक हवं असतं. दुसऱ्यांना पैसे. 2023 च्या अखेरीस मराठा आरक्षणासाठी जुन्या कागदांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला, तेव्हा माझा फोन दिवसभर वाजायचा. मी नाही म्हणत गेले, तर आमच्या वन्संनी सरळ विचारलं, "मग शिकलीस कशाला?" तिसरा आमचा पुतण्या. "काकू, रील कर ना. 'एका मिनिटात मोडी'." एका मिनिटात! मला 'ज' आणि 'झ' पुसून-पुसून पाठ व्हायला पावसाळा गेला होता.

पुण्यातला दहा दिवसांचा वर्ग मी बँकेतून रजा टाकून केला, 2012 साली. तेव्हाच्या वहीच्या पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलंय : 'पाच वर्षांत पुस्तक. जिल्ह्यातल्या घराघरांतले कागद. व्याख्यानं.' खाली दोन रेघा. म्हणजे पुस्तकवाले विचारतात ते काही हवेतून नाही, मीच तेव्हा गावभर सांगत सुटले होते. वहीतल्या त्या बाईशी माझं अजून भांडण आहे. ती म्हणते, तू कच खाल्लीस आणि आता त्याला साधेपणाचा मुलामा देतेस. मी म्हणते, तुला मोडी येत नव्हती, म्हणून एवढं सोपं वाटत होतं. दोघींचंही थोडं खरं असावं.

पहिली चार वर्षं मी बोलावतील तिथे गेले. देवळाचा हिशेब, कुणाच्या पणजोबांचा कर्जरोखा. लोक चहा-पोहे देत, नारळ देत. 'ताई आपल्याकडे मोडी वाचणाऱ्या एकट्याच' असं कुणी म्हणालं की मी "छे छे" म्हणायचे, पण ते "छे छे" अगदी तोंडदेखलं होतं. आवडायचं मला.

मग 2016 च्या मे महिन्यात कोरेगाव तालुक्यातल्या एका गावी गेले. बँकेतल्या सहकाऱ्याची भावकी यात्रेला जमली होती आणि 1894 चं एक वाटणीपत्र निघालं होतं. कायद्याच्या दृष्टीनं त्याला काही किंमत उरली नव्हती, जमिनीचे तुकडे केव्हाच पडले होते. उत्सुकता, एवढंच. ओटीवर सतरंजी, पंचवीस-तीस माणसं, पोरं मोबाइल धरून उभी. आणि दाराशी एका खुर्चीवर ऐंशीच्या आसपासच्या एक आक्का. त्या भावकीतल्या नव्हत्या, त्या 'मुलीकडच्या'. वाटणीपत्र लिहून देणाऱ्याच्या मुलीची ही नात. कागद वाचणार आहेत हे कळल्यावर वडूजहून एकट्या एसटीनं आल्या होत्या.

मी वाचत गेले. शेतांची नावं आली की म्हातारे माना हलवत, "हां, ते ओढ्याकडचं." रंगात आले होते मी. आणि शेवटून तिसऱ्या ओळीत हे आलं : मुलीकडीलवारसानाही. त्यापुढे दोन बोटं कागद कसरीनं खाल्लेला. मी एका दमात वाचलं, "मुलीकडील वारसा नाही."

ओटीवर कुणाला त्याचं काही वाटलं नाही. एक जण "तेव्हा तसंच असायचं" म्हणाला आणि पुढची ओळ वाचा म्हणून खूण केली. आक्का मात्र उठल्या, पदर सारखा केला आणि आत गेल्या. मला वाटलं पाणी प्यायला गेल्या असतील. जेवायला पंगत बसली तेव्हा कळलं, त्या दुपारच्या गाडीनं परत गेल्या. न जेवता.

रात्री घरी फोनवरचा फोटो मोठा करून बघत होते. मोडीत शब्द तोडत नाहीत, आधी आडवी रेघ आखायची आणि तिला अक्षरं लटकवत जायचं. कुठे तोडायचं ते वाचणाऱ्यानं ठरवायचं. अनुस्वार तर लेखनिकाच्या मर्जीवर. हे मी स्वतः लोकांना रुबाबात समजावून सांगत असे. आणि तीच ओळ आता मला अशी दिसली : मुलीकडील वारसांनाही. म्हणजे त्यांनाही काहीतरी. काय, ते कसरीनं खाल्लं.

एक अनुस्वार. मी तो न देता तोडलं, आणि एका बाईच्या आजीला तिच्या बापाच्या कागदातून सगळ्यांदेखत बाहेर काढलं.

लगेच फोन करायला हवा होता. नाही केला. आधी पक्कं करावं म्हणून पुण्यातल्या आमच्या सरांना फोटो पाठवला. ते म्हणाले, त्या काळचा लेखनिक 'वारसांसही' लिहील, 'वारसांनाही' कशाला? तुमचं पहिलंच वाचन बरोबर असेल. मला केवढं हायसं वाटलं! पण त्याच कागदात चौथ्या ओळीत स्वच्छ 'त्याना' आहे, 'त्यास' नाही. ते दाखवल्यावर सर म्हणाले, मग सांगता येत नाही. अशात दोन महिने गेले. ते पक्कं करण्यात गेले की धीर गोळा करण्यात, याचं उत्तर मला ठाऊक आहे, तुम्हालाही कळलं असेल.

ऑगस्टमध्ये वडूजला गेले. आक्कांनी चहा टाकला, खारी काढली. मी फोटो दाखवला, दोन्ही वाचनं सांगितली, माफी मागितली. त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरून ती ओळ पाहिली, जणू त्यांना वाचताच येत होती. मग म्हणाल्या, "तेव्हा सगळ्यांसमोर वाचलंस, पोरी. आणि आता मला एकटीला सांगतेस."

राग नव्हता त्यात. असता तर बरं झालं असतं. सहकाऱ्याला मी नंतर सांगितलं. "असू दे हो मॅडम, कोण बघतंय," म्हणाला तो. ओटीवरच्या त्या माणसांपर्यंत ते कधी पोचलं नाही. पुढच्या यात्रेला जाऊन मीच सांगायला हवं होतं. गेले नाही.

त्यानंतर मी लोकांसमोर वाचणं बंद केलं. तुम्ही त्याला विनय म्हणता. 'ताईंना प्रसिद्धीची हाव नाही' असं कौतुकानं बोलता. हाव होती, चटका बसला. आता कोल्ह्याला द्राक्षं आंबट म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

पण एवढंच असतं तर मी मोडी सोडली असती, आणि ते मात्र झालं नाही. सासरच्या माळ्यावर एक रुमाल होता. कपड्यात बांधलेला गठ्ठा, 212 कागद. मी तो खाली काढला आणि रोज रात्री भांडी आवरल्यावर अर्धा तास बसायला लागले. कधी एक ओळ, कधी तीही नाही. सात वर्षं लागली. त्यात ना खजिना निघाला ना इतिहास बदलला. एका लग्नाचा खर्च निघाला, गुळापासून वाजंत्र्यांपर्यंत. एका सुनेनं माहेरी लिहवून घेतलेलं पत्र निघालं, त्यात लुगडं पोचल्याचं आणि ताप उतरल्याचं, बस्स.

एका कागदावर साल होतं 'सलास समानीन मया व अलफ'. ही शुहूर सनाची, म्हणजे जुन्या मराठी कागदांत चालणाऱ्या एका कालगणनेची, अरबी संख्या. आधी एकक, मग दशक, मग शतक, हजार शेवटी. तीन, ऐंशी, शंभर, हजार, म्हणजे 1183. हे वर्ष मृगापासून सुरू होतं, म्हणून इसवी सन काढायला 599 मिळवायचे, जानेवारी लागला असेल तर 600. एरवी मी तक्ता उघडून बसायची. त्या दिवशी कागदाचा विचार डोक्यात घोळत होता आणि कुकरच्या दुसऱ्या नि तिसऱ्या शिट्टीच्या मध्ये, तक्त्याशिवाय, आपोआप आलं : 1782-83. मी गॅस बारीक केला आणि ओट्याला टेकून उभी राहिले. हे टीव्ही बघत होते. सांगावंसं वाटलं नाही. आता ते माझं होतं म्हणून, की सांगितलं तर "बरं, मग?" येईल याची भीती म्हणून, कोण जाणे.

शेवटचा कागद 2023 च्या दिवाळीआधी संपला. तो पावती होता, दोन ओळींची. रुमाल पुन्हा बांधला, मध्ये कडुनिंबाचा पाला घातला. बाळबोधीत, म्हणजे आपल्या देवनागरीत, उतरवलेल्या पाच वह्या कपाटात, साड्यांच्या खाली. तुम्ही पुढे काय केलंत विचारता ना, ते हे. बँकेत सदतीस वर्षं काम केलं, निरोपसमारंभाला शाल मिळाली, ती कुठे आहे आठवत नाही. पाच वह्या कुठे आहेत ते अंधारातही सांगेन.

पुतण्या म्हणतो, निदान त्या स्कॅन तरी कर, चुका असतील तर कुणीतरी काढेल. हे त्यानं माझ्या वर्मावर बोट ठेवलं. चुका असणारच. आणि वह्या साड्यांखाली आहेत तोवर त्या कुणी काढणार नाही. आक्का म्हणाल्या होत्या ते हेच नव्हे का, दुसऱ्या बाजूनं? मी अजून हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही.

तो वाटणीपत्राचा फोटो तीन फोन बदलले तरी माझ्याजवळ आहे. अधूनमधून उघडते. काही दिवस 'वारसा नाही' दिसतं, काही दिवस 'वारसांनाही'. काल रात्री उघडला तेव्हा चष्मा आत राहिला होता, नुसती आडवी रेघ दिसली आणि तिच्याखाली लटकलेलं काहीतरी काळं.