स्टेशनपासून पाच मिनिटं

बदलापुरात भाड्याचं घर दाखवणारा एजंट आधी हॉलची खिडकी उघडतो आणि मग म्हणतो, "स्टेशनपासून पाच मिनिटं." ही पाच मिनिटं पायी, रिक्षाने की धावत, हे त्याला विचारून उपयोग नसतो. आपणच एकदा सकाळी घड्याळ लावून चालून बघावं. आणि पावसाळ्यात बघावं, कारण मे महिन्यातला पाच मिनिटांचा रस्ता जुलैत चांगलाच लांबतो.

दुसरा प्रश्न पाण्याचा. "पाणी येतं का?" असं आम्ही एका घरमालकांना विचारलं, तर त्यांनी अगदी सरळ चेहऱ्याने उलट विचारलं, "नळाचं की नदीचं?" गंमत नव्हती ती. पश्चिमेला उल्हास नदीलगतच्या वस्त्यांनी २००५ आणि २०१९चा जुलै पाहिलाय. २०१९ला तर महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान पुरात अडकून पडली होती. तळमजला स्वस्त का आहे, हे असं हळूहळू उमगत जातं. आम्ही पूर्वेला तिसरा मजला घेतला. लिफ्ट आहे. बहुतेक वेळा चालू असते.

मग करार, अकरा महिन्यांचा. अकराच का, असं विचारलं की बहुतेक जण सांगतात, बारा झाले की नोंदणी करावी लागते. खरं तर महाराष्ट्रात १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे अकरा महिन्यांचा करारही लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि ती जबाबदारी घरमालकाची. पण सवय गेली नाही. अकरा महिने भरत आले की घरमालकीण काकूंचा फोन येतो. "भाडं वाढवायचं नव्हतं हो मला, पण सोसायटीने मेंटेनन्स वाढवलाय ना." एवढ्या संकोचाने बोलतात की शेवटी आपणच आकडा सुचवतो. सुचवतो तोही त्यांच्या मनातल्यापेक्षा थोडा जास्तच, असा माझा संशय आहे.

हे सगळं सोसायचं ते एका गोष्टीसाठी. बदलापूरहून सुटणारी लोकल.

सीएसएमटी इथून ६८ किलोमीटर. कर्जत, खोपोलीहून येणारी गाडी इथे पोचते तेव्हाच भरलेली असते. पण बदलापूर लोकल इथेच रिकामी होते आणि इथूनच परत फिरते. म्हणजे बसायला मिळतं. निदान मिळायला हवं. प्रत्यक्षात गाडी फलाटावर शिरते तेव्हा अर्ध्या खिडक्यांत आधीच कुणीतरी डुलक्या घेत असतं. ही अंबरनाथची मंडळी. एक स्टेशन उलटं येतात आणि जागा धरून बसून राहतात. यावरून भांडणं होतात, आणि दर वेळी तीच. "आम्ही इथे भाडं भरतो ते काय उभं राहायला?" असं एक गृहस्थ ओरडले, तेव्हा खिडकीतला डोळे न उघडता म्हणाला, "मी पास भरतो." दोघांचंही खरं होतं. पुढे त्या गृहस्थांना चौथी सीट मिळाली, म्हणजे तीन जणांच्या बाकावर अर्धं अंग आणि उरलेलं हवेत. कल्याण यायच्या आत दोघं मिळून रेल्वेलाच बोल लावत होते.

आम्ही घर ठरवताना या गाड्यांचं वेळापत्रक पुढ्यात ठेवूनच हिशेब केला होता. ठाण्यात याच भाड्यात एक खोली मिळाली असती. इथे दोन मिळतात, वर गॅलरी, आणि पाऊस असला की समोर डोंगर. गॅलरी मात्र मी रविवारीच बघतो. शुक्रवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते, असं बायको सांगते. मला त्याचा अनुभव नाही, कारण दिवसाउजेडी मी गावात नसतोच.

ऑफिसात दादरला भाड्याने राहणारा एक सहकारी आहे. "एवढ्या लांबून रोज कसा येतोस रे?" असं तो अधूनमधून कळवळून विचारतो. मी सांगतो, "बसून." यावर तो जरा गप्प होतो, मग भाडं किती ते विचारतो. परवा त्याने एजंटचा नंबरही मागितला. दिला. पूर्वेचं घर बघ, एवढंच सांगितलंय. कुठली गाडी पकडायची ते मात्र सांगितलेलं नाही.