तुमच्या घरात कोणी आहे का?

नाही. माझ्या घरात कोणी नाही. भाऊ नाही, भाचा नाही. मुलगी आहे, सात वर्षांची, तिला अजून चष्मासुद्धा लागलेला नाही.

हे एकदाचं लिहून टाकते. ठाण्यात असो की नवी मुंबईत, प्रशिक्षणाला चहाची सुट्टी झाली की कोणीतरी कप घेऊन जवळ येतं आणि आवाज खाली आणून विचारतं, “मॅडम, तुमच्या घरात कोणी आहे का, म्हणजे... असं?” तरणतलावावरचे कोच, क्लबहाउसमधल्या झुंबाच्या बाई, उन्हाळी शिबिरांच्या ताया, कराटेचे सर, सगळे त्या ‘असं’च्या आधी अडखळतात. मी ‘नाही’ म्हटलं की त्यांचा जरा हिरमोडच होतो. घरात नाही, मग ही बाई दिव्यांग मुलांना खेळात कसं घ्यायचं हे शिकवत का फिरते? एनजीओ असेल. फंडिंग असेल.

मला राग येतो. पोहायला शिकवणाऱ्याला कोणी विचारतं का, तुमच्या घरात कोणी बुडालं होतं का म्हणून?

एकदा ऐरोलीत मी कंटाळून ‘हो’ म्हणाले. “मावसभाऊ आहे.” साफ खोटं. दुपारच्या सत्रात अख्खी खोली बदलली. मागच्या रांगेतले मोबाइल खिशात गेले, जिमचा एक धिप्पाड ट्रेनर चक्क वहीत लिहून घ्यायला लागला. मी सकाळी जशी बोलत होते तशीच बोलत होते, तक्ते तेच, उदाहरणं तीच. महिन्याभराने तिथल्या मॅनेजरबाईंचा फोन आला. कामाचं बोलून झाल्यावर म्हणाल्या, “आणि मावसभाऊ कसा आहे आता?” मी म्हटलं, “बरा आहे.” तेव्हापासून कानाला खडा.

तर खरं उत्तर. माझ्या घरात कोणी नाही, पण एकाला मी घरी पाठवलं आहे.

2014च्या मे महिन्यातलं ठाण्यातलं शिबिर. कोणाचं ते सांगत नाही, एका शाळेचं मैदान भाड्याने घेतलेलं होतं एवढं पुरे. मी 26 वर्षांची, बी.पी.एड. झालेली, गळ्यात शिट्टी. सकाळी 8 ते 11, मुलं 42, आम्ही तीन ताया आणि साहित्य सांभाळायला एक दादा. फॉर्मवर शेवटी रकाना होता, ‘पाल्याविषयी काही सांगायचे असल्यास’. ज्याला मी घरी पाठवलं त्याच्या आईने तिथे लिहिलं होतं, ‘थोडा हट्टी आहे’. आधीच्या दोन शिबिरांत खरं लिहून तिला नकार मिळाला होता, हे मला नंतर कळलं.

मुलगा आठ वर्षांचा. पहिल्या दिवशी शिट्टी वाजली की दोन्ही कान दाबून मैदानाच्या कडेने पळत सुटायचा. मला वाटलं, मस्ती. दुसऱ्या दिवशी मी त्याची हनुवटी वर करून, ‘माझ्याकडे बघ’ म्हणून समजावलं. आज माझ्यासमोर कोणी कोच असं करायला गेला तर मी त्याचा हात धरीन. त्याच दिवशी आणखी एक दिसलं होतं. मैदानात मांडलेले कोन तो रंगांप्रमाणे गोळा करायचा, सगळे लाल एकात एक, मग पिवळे, मग निळे. दादा म्हणाला, “ताई, याला माझ्या हाताखाली द्या.” आम्ही हसलो. दादाने तिथल्या तिथे तोडगा दिला होता आणि मला तो विनोद वाटला.

तिसऱ्या दिवशी संगीत खुर्ची. मोठा स्पीकर, गाणं मध्येच तुटायचं, मग किंचाळ्या, मग परत गाणं. त्या मुलाला छळायला खेळ शोधून काढ असं मला आज कोणी सांगितलं, तर यापेक्षा वाईट मला सुचायचा नाही. पाचव्या-सहाव्या फेरीला तो फाटकाकडे सुटला. फाटकाबाहेर रस्ता, रिक्षा, टीएमटीच्या बस. मी मागून धावत जाऊन त्याला कवेत धरलं. त्याने माझ्या मनगटाला कडकडून चावा घेतला. मी सोडलं नाही, आणखी आवळलं. आणि मोकळ्या हाताने शिट्टी तोंडात घातली आणि वाजवली, कोणीतरी मदतीला यावं म्हणून. त्याच्या कानापासून वीतभर अंतरावर.

हे मी प्रशिक्षणात आजवर कधी सांगितलेलं नाही.

तो ओरडला नाही. एकदम सैल पडला आणि त्याची चड्डी ओली झाली. बाकीची मुलं वर्तुळ करून बघत होती. त्यातल्या एकाने “शी” म्हटलं आणि मी त्या एकालाही काही बोलले नाही.

आयोजक म्हणाले, “तूच धरलंस ना, मग फोनही तूच कर.” आई मुलुंडहून ऑफिस सोडून आली. मी मनाशी वाक्यं जुळवून ठेवली होती. ही जागा त्याच्यासाठी योग्य नाही, त्याच्याकडे नीट लक्ष देतील अशी ठिकाणं असतात, आम्हाला बाकीच्या मुलांचाही विचार करावा लागतो. तिने सगळं ऐकून घेतलं. मग एकच विचारलं, “ताई, शिट्टी न वाजवता नाही का चालणार?”

मी म्हणाले, “अहो, शिट्टीशिवाय शिबिर कसं चालेल?”

फी 1,800 रुपये होती. तीन दिवसांचे कापून उरलेले पाकिटात घालून दिले. शिबिराची पिवळी टोपी तिने त्याच्या डोक्यावरून काढली आणि टेबलावर ठेवली. मी म्हटलं, “असू द्या.” तिने ठेवलीच.

त्या 26 वर्षांच्या मुलीशी माझं भांडण अजून चालू आहे, आणि ती काही कच्च्या गुरूची चेली नाही. ती म्हणते, एका ताईमागे चौदा मुलं होती, हिशेब कर. फॉर्मवर खोटं लिहिलेलं होतं. मी धरलं नसतं आणि तो बसखाली गेला असता तर? मला कोणी शिकवलं होतं? कायद्याचंही बोलते ती. 1995च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते, त्यांत स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, नव्हतीच. 2016चा कायदा आला, 21 प्रकार झाले, करमणूक आणि खेळ यांना 29 आणि 30 अशी स्वतंत्र कलमं मिळाली, ते सगळं माझ्यानंतरचं. यावर मी तिला सांगते की संयुक्त राष्ट्रांच्या ज्या करारात दिव्यांग मुलांच्या खेळण्याच्या हक्काचं कलम आहे (तेही योगायोगाने 30च) तो भारताने 2007 सालीच मान्य केला होता. ती म्हणते, मैदानावरच्या ताईला तो कोण वाचून दाखवणार होतं? बरोबर आहे. मग मी म्हणते, करार राहू दे, पण त्या आईने तुला एका वाक्यात उपाय सांगितला होता. त्यावर ती जरा गप्प बसते आणि मग विचारते, “तिने फॉर्मवर खरं लिहिलं असतं तर तू त्याला घेतलं असतंस?”

इथे दरवेळी माझंच तोंड बंद होतं.

म्हणून मी ‘संवेदनशील व्हा’ असलं काही शिकवत नाही. संवेदनशील सगळेच असतात. व्हिडिओ दाखवला की डोळे पुसतात आणि दुसऱ्या दिवशी शिट्टी वाजवतात. मी बारीकसारीक गोष्टी शिकवते. खेळ संपायच्या पाच मिनिटं आधी सांगा, मग दोन मिनिटं आधी, हातांनी दाखवून. आता काय, मग काय, हे चित्रांत लावा, वाचता येणाऱ्या मुलांनाही ते आवडतं. मूल बिथरलं तर तुम्ही बोलणं कमी करा, गर्दी हटवा, जीवाला धोका असेल तरच धरा. स्वमग्न मूल निसटलं तर पुष्कळदा पाण्याकडे जातं, म्हणून शोधायला निघणारा पहिला माणूस तलावाकडे पाठवा. ठाण्यात तलाव किती आहेत ते तुम्हाला सांगायला नको. डाउन सिंड्रोमच्या मुलाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोलांटउडी आणि सूर मारायला लावू नका, मानेचे वरचे मणके सैल असू शकतात. फिट आली तर कांदा नको, चप्पल नको, तोंडात चमचा नको. कुशीवर वळवा, घड्याळ बघा, पाच मिनिटांत थांबली नाही तर रुग्णवाहिका. व्हीलचेअर विचारल्याशिवाय ढकलू नका, आणि मुलाला पाणी हवंय का हे आईला न विचारता मुलालाच विचारा.

आणि शिट्टी. मैदानावर तिच्याऐवजी वर केलेला हात, रंगीत झेंडा, डफलीची हलकी थाप चालते, एकदा सवय लागली की 42 मुलंही हात बघून थांबतात. तरणतलावावर मात्र जीवरक्षकाची शिट्टी लागतेच, तिथे मी हट्ट करत नाही. फक्त ऐकू न येणाऱ्या मुलीसाठी काठावर लाल झेंडाही ठेवा म्हणते.

एवढं सांगूनही एका मुद्द्यावर मी दरवेळी अडकते. प्रशिक्षणात कोणीतरी हमखास म्हणतं, “मॅडम, आम्ही लहानपणी लिंबूटिंबू घ्यायचो की. तसंच करायचं ना?” पहिली काही वर्षं मी तावातावाने सांगायचे की नाही, लिंबूटिंबूवर राज्य येत नाही, तो आउट होत नाही, म्हणजे तो खेळात मोजलाच जात नाही. त्याच्यावरही राज्य आलं पाहिजे, नियम त्याला जमेल असा बदला पण त्याला राज्य द्या. एकदा कोपरखैरण्याच्या एका वडिलांनी मला बाजूला घेतलं. त्यांच्या मुलीला सेरेब्रल पाल्सी. म्हणाले, “तुमचं राज्य वगैरे पटतं हो, पण आमच्या सोसायटीत तिला अजून कोणी लिंबूटिंबूसुद्धा केलेलं नाही.” त्यानंतर मी तो मुद्दा हळू आवाजात मांडते. सोडलेला नाही. मांडताना माझी मला खात्री वाटत नाही, एवढंच.

काहीजण उपाय म्हणून पत्ता देतात. “वाशीला महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं ईटीसी केंद्र आहे ना, तिकडे पाठवायचं.” पाठवा, चांगलं केंद्र आहे. पण मे महिन्यात मुलाचे शेजारचे मित्र जिथे डब्बा ऐसपैस खेळतात ते मैदान वाशीला नसतं. मी त्या आईला ‘अशी ठिकाणं असतात’ म्हणाले तेव्हा माझ्या डोक्यात एकही पत्ता नव्हता, हेही सांगून टाकते. ते नुसतं तिला फाटकाबाहेर काढायचं वाक्य होतं.

मागच्या महिन्यात घणसोलीत चोवीसेक वर्षांचा एक कोच चहा घेऊन आला. तोच प्रश्न, ‘असं’च्या आधीचं तेच अडखळणं. काय झालं कोण जाणे, मी त्याला सगळं सांगितलं. चावा, शिट्टी, टोपी, कापलेले पैसे. वाटलं होतं, आता हा माझ्याकडे निराळ्या नजरेने बघेल.

तो विचार करून म्हणाला, “पण मॅडम, 42 मुलं होती ना? आणि फॉर्मवरही लिहिलं नव्हतं. मग तुम्ही तरी काय करणार?” अगदी मनापासून, माझी समजूत घालत होता. त्याच्या गळ्यात शिट्टी होती.

मी म्हटलं, “हो, 42 होती.”

तेवढ्यात आतून कोणीतरी हाक मारली, चहाची वेळ संपली म्हणून.